गुपितात आहे तरी काय? स्कॉटलंडच्या कर्लिंग क्लबांमधली दीक्षा आणि तिचा अभ्यास

संशोधनाची तयारी करताना ‘दीक्षा’, ‘संक्रमण विधी’, ‘गुप्त मंडळ’ हे शब्द तुमच्या वाचनात पुन्हा पुन्हा येत असणार. पुस्तकांत त्यांची उदाहरणं बहुतेक वेळा दूरच्या जमातींची नाहीतर धार्मिक पंथांची असतात. त्यामुळे दीक्षा म्हणजे देवाधर्माशी जोडलेलीच गोष्ट, असं डोक्यात बसतं. आज मुद्दाम वेगळं उदाहरण घेऊ. बर्फावर दगड सरकवण्याचा एक खेळ, तो खेळणारे स्कॉटलंडमधले क्लब, आणि नव्या माणसाला ‘आपला’ करून घेण्याची त्यांची पद्धत.

हेच उदाहरण का? कारण एका कागदात आहे. २५ जुलै १८३८ रोजी एडिनबरामधल्या वॉटर्लू हॉटेलात ‘ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब’ ही संस्था स्थापन झाली. खेळाचे नियम देशभर सारखे करायचे आणि जगभरच्या कर्लिंग खेळणाऱ्यांना एका बंधुत्वात जोडायचं, हा तिचा हेतू. इथपर्यंत काही विशेष नाही. पण सदस्य कोण, या प्रश्नाला घटनेने दिलेलं उत्तर बघा: वेगवेगळ्या स्थानिक क्लबांतले ‘दीक्षित’ सदस्य. नुसतं खेळता येणं किंवा नुसती वर्गणी भरणं पुरेसं नव्हतं. दीक्षा झालेली हवी.

एका खेळाच्या संस्थेला हे कशाला लागावं? या लेखात आपण हा एकच प्रश्न धरून चालणार आहोत. उत्तर शोधताना वाटेत दोन-तीन सिद्धांत भेटतील, ते वापरायचे कसे आणि कुठे थांबायचं, हेही बघू.

आधी खेळ समजून घेऊ

२०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या महिला संघाने कर्लिंगचं सुवर्णपदक जिंकलं, तो संघ स्कॉटलंडचा होता. तुम्ही क्लिप पाहिली असेल: एक खेळाडू वाकून मुठीचा गोल दगड बर्फावरून सोडते आणि दोघी जणी त्याच्यापुढे जोरजोरात बर्फ घासत जातात. दगड साधारण २० किलोचा. संघात चार जण, प्रत्येकाला दोन दगड. समोरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ ज्याचे दगड थांबतील त्याला गुण. बर्फ घासल्याने घर्षण कमी होतं, दगड जास्त लांब आणि जास्त सरळ जातो. संघाच्या कप्तानाला ‘स्किप’ म्हणतात. तो दुसऱ्या टोकाला उभा राहून दगड कुठे आणि किती जोराने टाकायचा ते सांगतो.

खेळ जुना आहे. १५११ हे वर्ष कोरलेला एक दगड स्टर्लिंगच्या संग्रहालयात आहे. पेझ्लीच्या मठातल्या एका भिक्षूने १५४१ मध्ये बर्फावर दगड टाकण्याचं आव्हान दिल्याची नोंद एका नोटरीच्या वहीत सापडते. क्लब मात्र बरेच नंतरचे. किलसाइथचा क्लब आपली स्थापना १७१६ ची सांगतो. म्यूथिलच्या मंडळाचे १७३९ चे नियम आहेत. एडिनबराजवळच्या डडिंग्स्टन सोसायटीने १८०४ मध्ये केलेली नियमावली पुढे देशभरच्या नियमांचा पाया ठरली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळी हा खेळ उघड्यावर, गोठलेल्या तळ्यावर होत असे. स्कॉटलंडचा हिवाळा थंड असला तरी ओलसर. माणसांचं आणि दगडांचं वजन पेलेल इतका जाड बर्फ वर्षाकाठी काही दिवसच मिळायचा, आणि एखाद्या वर्षी तोही नाही. ग्रँड मॅच नावाचा उत्तर विरुद्ध दक्षिण स्कॉटलंड असा महासामना १८४७ मध्ये पेनिकुकला पहिल्यांदा झाला. पुढे कार्सब्रेकच्या तळ्यावर तो भरवायला लागले, आणि त्यासाठी तिथे खास रेल्वेचा थांबाही होता. पण १९३५ च्या सामन्यानंतर उघड्या बर्फावर हा सामना केवळ तीनदा होऊ शकला: १९५९, १९६३ आणि १९७९. इतर वेळी बर्फानेच नकार दिला.

म्हणजे हा असा क्लब आहे, ज्याचं मुख्य काम वर्षातले बहुतेक दिवस करताच येत नाही. मग क्लब टिकतो कशावर?

जेवण, दरबार आणि दंड

टिकतो तो बऱ्याच अंशी जेवणावर. कर्लिंग क्लबांच्या जुन्या कागदपत्रांत खेळाइतकंच जेवणाचं प्रस्थ दिसतं. ठरलेला बेत म्हणजे ‘बीफ अँड ग्रीन्स’, शिजवलेलं गोमांस आणि कोबीच्या जातीची पालेभाजी. सोबत व्हिस्की, गाणी, आरोग्यचिंतनाचे प्याले. पैजेत हरलेल्या बाजूने जेवण द्यायचं, किंवा पैजेचं धान्य गावातल्या गरिबांना वाटायचं, अशा रीतीही होत्या. आजही सामना संपल्यावर जिंकलेला संघ हरलेल्यांना पहिला पेला पाजतो. हे कुठल्या नियमात नसतं, पण चुकवलं तर लोकांच्या लक्षात राहतं.

या जेवणानंतर भरतो तो ‘कर्लर्स कोर्ट’. हा लुटुपुटुचा दरबार असतो. अध्यक्षस्थानी बसणाऱ्याला ‘माय लॉर्ड’ म्हणायचं. त्याच्या हाताखाली एक अंमलदार, हुकूम बजावायला. स्कॉटलंडच्या खऱ्या न्यायालयांत कामकाज सुरू करताना शांतता राखण्याची जी औपचारिक घोषणा व्हायची, तिची नक्कल करून दरबार सुरू होतो. एकदा सुरू झाला की बाहेरचे हुद्दे बाहेर. माय लॉर्डच्या परवानगीशिवाय बोललात, हसलात, चुकीचं संबोधन वापरलंत, की दंड. दंडाची रक्कम किरकोळ, कारणं त्याहून किरकोळ. आरोप खरा असलाच पाहिजे असंही नाही.

याच दरबारात नवख्यांना ‘बनवलं’ जातं. इंग्रजीतला शब्दही तोच: दीक्षा झालेला तो ‘मेड’ कर्लर, म्हणजे घडवलेला. जुन्या स्कॉट्स बोलीत एखाद्याला मंडळात रीतसर घेण्याला ‘ब्रिदर’ करणं, म्हणजे भाऊ करून घेणं, असंही म्हणत. क्लबागणिक तपशील बदलतो, पण गाभा दोन गोष्टींचा: ‘शब्द’ आणि ‘पकड’. शब्द म्हणजे तोंडी शिकवलेलं एक गुपित वचन. पकड म्हणजे हात मिळवण्याची खास तऱ्हा, जिचा संबंध दगडाच्या मुठीशी जोडलेला आहे. बाहेर सांगणार नाही असं वचन द्यायचं, दोन्ही शिकायचं, आणि मग भावांच्या रांगेत जाऊन बसायचं.

हे आलं कुठून?

इथे तुमच्यातल्या काहींना फ्रीमेसन आठवले असतील. बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये दगड घडवणाऱ्या गवंड्यांच्या लॉज फार जुन्या. विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये त्यांच्यासाठी नियम केले, आणि सतराव्या शतकात ‘मेसन्स वर्ड’, म्हणजे गवंड्यांचा शब्द, ही गोष्ट लोकांना ऐकून माहीत होती. हळूहळू गवंडी नसलेले लोकही लॉजमध्ये शिरले. १७३६ मध्ये स्कॉटलंडची ग्रँड लॉज स्थापन झाली. अठरावं शतक तर क्लबांचंच शतक. इतिहासकार पीटर क्लार्क यांनी ब्रिटनमधल्या या क्लब-संस्कृतीवर २००० साली मोठा ग्रंथ लिहिला आहे. संगीत, विज्ञान, बागकाम, वादविवाद, कशासाठीही मंडळ निघायचं आणि बहुतेकांचं काम खाणावळीत चालायचं.

कर्लिंगवाल्यांनी शब्द आणि पकड या वातावरणातून उचलली, असं मानायला चांगला आधार आहे. १७७४ मध्ये स्थापन झालेल्या सँकरच्या सोसायटीच्या जुन्या कागदपत्रांत सदस्यांची शब्द-पकडीची परीक्षा घेतल्याचा उल्लेख येतो. म्हणजे ही चाल १८३८ च्या बरीच आधीची. स्कॉटलंडमध्ये असे इतरही ‘शब्द’ होते. ईशान्य भागातल्या नांगऱ्यांचा ‘हॉर्समन्स वर्ड’ प्रसिद्ध आहे: रात्री, धान्याच्या कोठारात दीक्षा, सोबत पाव आणि व्हिस्की. तो शब्द मिळाला की घोडा ताब्यात येतो असा समज.

याच स्कॉटिश मुशीची एक शाखा आपल्याकडेही पोचली. मुंबईत १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्थापन झाली. ती स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखाली होती आणि भारतीयांना प्रवेश देण्यासाठीच काढलेली होती. तुमच्यापैकी कुणाला मुंबईच्या इतिहासावर काम करायचं असेल तर ‘भाऊ कुणाला म्हणायचं’ हा प्रश्न तिथेही तितकाच टोकदार आहे.

पण थांबा. इथे संशोधनातला एक नेहमीचा खड्डा आहे. ‘ही पद्धत मेसनांकडून आली’ हे झालं उगमाचं उत्तर. आपला प्रश्न वेगळा होता: ती टिकली का? उगम आणि कार्य या दोन गोष्टी आहेत. एखादी रीत कुठून आली हे कळल्याने ती आज का पाळली जाते हे कळत नाही. अठराव्या शतकात इतर शेकडो क्लबांनीही मेसनांची नक्कल केली असेल, आणि त्यातले बहुतेक विरून गेले. कर्लिंगचे क्लब आणि त्यांचे दरबार राहिले. सिनॉप्सिस लिहिताना या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळी वाक्यं लिहा. मोठा गोंधळ वाचतो.

दुसरा खड्डा ‘प्राचीन परंपरा’ या शब्दाचा. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेलं ‘परंपरेची निर्मिती’ या विषयावरचं १९८३ चं पुस्तक तुम्ही वाचाल, त्यात स्कॉटिश डोंगराळ भागातल्या पोशाखाबद्दलचं प्रकरण गाजलेलं आहे. ते वाचून सगळ्याच परंपरा बनावट वाटायला लागतात. कर्लिंगच्या बाबतीत तसं सरसकट म्हणता येत नाही. स्थानिक दीक्षा अठराव्या शतकापासून दिसते. एकोणिसाव्या शतकात नवं काय घडलं? राष्ट्रीय संस्थेने तिला सदस्यत्वाची अट केलं, म्हणजे गावोगावच्या रीतीला देशभराची ओळख दिली. अभ्यासाचा विषय हा बदल आहे.

गुपितात काय होतं?

आता मजेची गोष्ट. ‘शब्दा’ची काही रूपं पुढे छापून आली. त्यात काय निघालं? उभं कसं राहायचं, दगड कसा सोडायचा, बर्फ कसा झाडायचा, अशा सूचना. तळ्यावर कुणीही ओरडून सांगेल असंच सगळं.

मग यासाठी एवढी शपथ, एवढा दरबार? इथे गेऑर्ग झिमेल हा जर्मन समाजशास्त्रज्ञ कामाला येतो. गुप्तता आणि गुप्त मंडळांवरचा त्याचा निबंध १९०६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुपिताच्या आत काय आहे यापेक्षा गुपित असण्याने माणसांमध्ये कोणतं नातं तयार होतं, ते पाहा. गुपित म्हणजे एक रेघ. आतले आणि बाहेरचे. आतल्यांना एकमेकांवर विश्वास ठेवावाच लागतो, कारण कुणीही एक जण सगळं उघड करू शकतो. गुपित क्षुल्लक असलं तरी ही रचना तशीच चालते.

कर्लिंगला लावून बघू. पहिलं काम ओळखीचं. फोटोचं ओळखपत्र नसलेल्या काळात दुसऱ्या परगण्यातून आलेला माणूस खरंच कुठल्या क्लबाचा आहे का, हे शब्द आणि पकडीने तपासता येतं. दुसरं काम आठवणीचं. बर्फ पडो न पडो, दीक्षेची संध्याकाळ झालेली असते. ज्याने एकही सामना खेळलेला नाही त्याच्याकडेही सांगायला एक प्रसंग असतो, आणि तो बाकी सगळ्यांकडेही असतो. बर्फावर अवलंबून असलेल्या क्लबाला बर्फाविना चालणारं काहीतरी हवंच होतं. तिसरं काम विश्वासाचं. या खेळात खेळाडूंनीच एकमेकांचा प्रामाणिकपणा धरून चालायची परंपरा आहे: झाडूचा दगडाला स्पर्श झाला तर ज्याने केला त्यानेच सांगायचं. अशा खेळात, समोरचा दिलेला शब्द पाळतो का, याची हसतखेळत घेतलेली परीक्षा निरर्थक राहत नाही.

या तिन्हींपैकी ‘बर्फाविना चालणारं’ हे कारण मला सर्वांत वजनदार वाटतं. कारण इतर दोन कारणं कुठल्याही क्लबाला लागू पडतील. हे तिसरं कर्लिंगलाच लागू पडतं. तुमच्या विषयातही अशी छाननी करा. जे स्पष्टीकरण सगळीकडेच बसतं, ते तुमच्या उदाहरणाबद्दल फार कमी सांगतं.

भाऊबंदकी की बंधुभाव?

आता खऱ्या अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. कर्लिंगबद्दल लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: बर्फावर जमीनदार आणि नांगऱ्या सारखेच. १८९० मध्ये रेव्हरंड जॉन केर यांनी लिहिलेल्या मोठ्या इतिहासातही हा सूर आहे. यात तथ्य आहे, आणि त्यामागे अगदी व्यावहारिक कारण आहे. कडक गारठ्यात नांगर जमिनीत जात नाही, गवंडीकाम थांबतं. म्हणजे ज्या दिवशी खेळ शक्य, नेमक्या त्याच दिवशी मजुराला काम नसतं. दुसऱ्या कुठल्या खेळात मालक आणि मजूर यांची सुट्टी अशी एकाच दिवशी येते?

मानवशास्त्रात याला हाताळायला तयार चौकट आहे. व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमण विधीचे तीन टप्पे मांडले: वेगळं होणं, उंबरठ्यावर असणं, पुन्हा सामावणं. व्हिक्टर टर्नर यांनी त्यातला मधला टप्पा फुलवला. उंबरठ्यावर असताना हुद्दे गळून पडतात आणि माणसं निव्वळ माणसं म्हणून भेटतात, त्या अनुभवाला त्यांनी ‘कम्युनिटास’ म्हटलं. टर्नर यांची उदाहरणं झांबियातली, पण त्यांचा स्वतःचा जन्म १९२० मध्ये ग्लासगोत झालेला. दरबाराला ही चौकट छान बसते. नवखा उंबरठ्यावर, माय लॉर्ड कुणीही, दंड सर्वांना.

छान बसते, म्हणूनच सावध राहायला हवं. मॅक्स ग्लकमन यांनी १९५० च्या दशकात ‘बंडाचे विधी’ ही कल्पना मांडली: वर्षातून एकदा राजाला शिव्या घालायची मुभा असते, त्यामुळे उरलेलं वर्ष राजा राजाच राहतो. हा चष्मा लावून दरबार पाहा. शिंप्याने उमरावाला दोन पेन्स दंड केला, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तळं कुणाच्या जमिनीत आहे? उमरावाच्या. क्लबाचा आश्रयदाता कोण? तोच. राष्ट्रीय क्लबाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली ती कशी? १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट स्कोनच्या वाड्यात उतरले होते, तेव्हा अर्ल ऑफ मॅन्सफील्ड यांनी दालनाच्या गुळगुळीत फरशीवर त्यांना खेळ करून दाखवला. १८४३ मध्ये ‘ग्रँड’ जाऊन ‘रॉयल’ आलं. खेळ सर्वांचा असेल, दार मात्र वरच्यांनी उघडलं.

आणि ‘भाऊ’ म्हटलं की बहीण कुठे, हा प्रश्न येतोच. बायका त्या काळात कर्लिंग खेळत नव्हत्या असं नाही. पण दरबार, शब्द, पकड, बंधुत्व ही सगळी भाषा पुरुषांच्या बैठकीत घडली. दीक्षा ही सदस्यत्वाची अट आणि दीक्षा देणारी बैठक पुरुषांची, हे दोन्ही जुळलं की बायकांना नकार देणारा वेगळा नियम लिहावाच लागत नाही. कागदावर बंदी सापडली नाही म्हणून प्रवेश खुला होता, असा निष्कर्ष काढू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांचे स्वतंत्र क्लब निघायला लागले. आज ऑलिम्पिकमध्ये स्कॉटलंडची शान राखणाऱ्या संघांत महिलांचे संघ आहेत, हे मनात ठेवून ही जुनी भाषा वाचली की तिच्या भिंती जास्त स्पष्ट दिसतात.

मग समतेचा दावा खरा की खोटा? माझ्या मते प्रश्नच असा विचारू नये. ‘कुठे, किती वेळ, कुणाकुणामध्ये’ असं विचारावं. बर्फावर, एका दिवसापुरतं, दीक्षा झालेल्या पुरुषांमध्ये समता होती, आणि ती अनुभवणाऱ्यांना ती खरी वाटत होती. जमिनीच्या मालकीपर्यंत ती पोचली नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत.

दीक्षा आणि रॅगिंग

आपल्याकडे वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही इथे एक शंका येईल, आणि यायलाच हवी. नव्याला उभं करायचं, थट्टा करायची, दंड लावायचा, हे रॅगिंगच नाही का?

फरक करायचा तर भावनेवर सोडू नका, निकष ठरवा. एक, नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याची किंमत काय? दोन, थट्टा एकाच दिशेने जाते की जुन्यांनाही दंड होतो? तीन, ती कधी संपणार हे आधी ठरलेलं आहे का? चार, संपल्यावर नवखा खरोखर बरोबरीने बसतो का? कर्लर्स कोर्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या निकषावर बऱ्यापैकी उतरतो: दंड सर्वांनाच होतो आणि दरबार उठला की खेळ संपतो. पहिल्या निकषावर प्रश्न उरतो, कारण १८३८ च्या घटनेप्रमाणे दीक्षा नाही तर सदस्यत्व नाही. शिवाय व्हिस्कीभोवती फिरणाऱ्या बैठकीत न पिणाऱ्याने काय करायचं? एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये दारूबंदीची चळवळ जोरात होती, तेव्हा हा प्रश्न काही आजचा नाही. चौथ्या निकषाचं उत्तर क्लबागणिक वेगळं येणार.

हे निकष घेऊन तुम्ही कुठल्याही दीक्षेकडे जाऊ शकता. तिला एकदम ‘सुंदर परंपरा’ किंवा एकदम ‘छळ’ म्हणायची घाई टळते, आणि ज्या माणसाला त्यातून जावं लागलं त्याचा विचार आधी होतो.

साधनं कुठली?

गुप्त विधीचा अभ्यास करताना मोठी अडचण ही की मुख्य गोष्ट लिहिलेलीच नसते. इतिवृत्तात ‘अमुक जणांना रीतसर दीक्षा दिली’ एवढंच येतं. कसं दिली ते लिहायचं नाही, असंच तर ठरलेलं असतं. पण आजूबाजूचं बरंच काही लिहिलेलं असतं:

- इतिवृत्तातले दंड. कुणाला, कशासाठी, किती. मंडळाला काय खुपतं ते दंडातून कळतं. म्यूथिलच्या १७३९ च्या नियमांत शिवीगाळ आणि पैजा यांना मनाई आहे. म्हणजे तळ्यावर काय चालत असे ते समजलंच.
- जेवणाची बिलं. किती माणसं, माणशी किती खर्च. वर्गणी आणि जेवणाचा खर्च मजुराच्या रोजाशी ताडून पाहिला की ‘सर्वांसाठी खुला’ या दाव्याची परीक्षा होते.
- रॉयल क्लबाची वार्षिकं. त्यांत क्लबांच्या याद्या, आश्रयदाते, पदाधिकारी असतात. नावापुढचे किताब आणि पदं मोजली तरी एक प्रकरण होईल.
- जुने नकाशे. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर ‘कर्लिंग पॉंड’ अशी खूण असते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. तुम्ही इथे बसून, एकही पैसा न घालता, तळी कुणाच्या वाड्याजवळ होती आणि कुठली गावाजवळ होती ते पाहू शकता.

यात शब्द आणि पकड कुठेच नाही, हे लक्षात आलं का? तरीही आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ही साधनं पुरतात, कारण प्रश्न ‘गुपित काय’ असा नाहीच. ‘गुपित पाळल्याने काय होतं’ असा आहे.

आत गेल्यावर काय?

शेवटचा मुद्दा नैतिकतेचा. असे दरबार आजही भरतात. समजा तुम्ही अशा क्लबात सहभागी निरीक्षण करायला गेलात आणि त्यांनी तुम्हालाही ‘बनवलं’. वचन देऊन शिकलेला शब्द प्रबंधात छापायचा का?

काही जण म्हणतील, छापून तर आधीच आला आहे, आता कसली गुप्तता. पण तुम्ही दिलेलं वचन त्या छापील पानाला दिलेलं नव्हतं, समोरच्या माणसांना दिलेलं होतं. संमतीपत्रावर सही घेताना कशाची नोंद करणार, कशाची नाही, हे आधी बोलून घ्या. दीक्षेच्या आधी बोला, नंतर नाही, कारण एकदा भाऊ झालात की नाही म्हणणं दोन्ही बाजूंना अवघड जातं. आणि मार्गदर्शकांना आराखड्याच्या टप्प्यावरच विचारा: हा तपशील वगळला तर माझा युक्तिवाद कोसळतो का? कर्लिंगच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे, कोसळत नाही. तुमच्या विषयात कोसळत असेल, तर कदाचित प्रश्नच बदलावा लागेल.

एक छोटा अभ्यास सुचवतो. तुमच्या विषयातलं कुठलंही मंडळ घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, नव्या माणसाला आत घेताना काय करतात. दुसऱ्यात, त्याचा उगम कुठला. तिसऱ्यात, ते आज बंद केलं तर मंडळात नेमकं काय बिघडेल. दुसरा रकाना पुस्तकांवरून भरता येतो. तिसरा भरायला मात्र कागदपत्रांत किंवा माणसांत जावं लागतं, आणि मुलाखतीत तुम्हाला प्रश्न येणार तो बहुधा त्याच रकान्यावर.